नऊ न्यायाधीश, एक जुनी इमारत आणि पुरंदरची अंजिरं

मार्च-एप्रिलात मीठा बहाराची अंजिरं घेऊन पुरंदरकडचे एक शेतकरी आमच्या गल्लीत येतात. ओळख जुनी. त्यांचा मुलगा पुण्यात मामाकडे राहून शिकला आणि त्याला मी नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणून त्यांच्या लेखी मी अजून ‘बाई’च. २०२५ साली पुरंदरच्या विमानतळासाठी सात गावांत भूसंपादनाची धांदल सुरू झाली, तेव्हा त्यांनी पाटी खाली ठेवायच्या आधी मोबाइलच पुढे केला. मेसेज होता : ‘ऐतिहासिक निकाल! सरकारला यापुढे कुणाचीही खासगी मालमत्ता घेता येणार नाही – सुप्रीम कोर्ट.’ खाली तिरंगा आणि जोडलेले हात.

“बाई, हे खरं असंल तर आमची गावं सुटली म्हणायची का?”

निकाल खरा होता. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी तो दिला होता. मेसेज मात्र चुकीचा होता, आणि त्यांच्या जमिनीशी त्या निकालाचा संबंध जवळजवळ नव्हता. हे सगळं एकदम कसं शक्य आहे ते मला दारात उभ्या उभ्या सांगता येईना. म्हणून हे लिहायला बसले. मी वकील नाही. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला जो विषय पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री उरकतात, तो शिकवण्यात माझी नोकरी गेली, एवढाच अधिकार.

आधी प्रश्न वाचा

दरवर्षी एकदोन हुशार मुलं हमखास मार्क घालवायची, कारण प्रश्न नीट न वाचता पाठ असलेलं उत्तर लिहून मोकळी व्हायची. कोर्टाच्या निकालांबद्दल आपण चौकात, टीव्हीवर, फॅमिली ग्रुपवर बोलतो तेव्हा नेमकं हेच करतो. उत्तर कानावर येतं, प्रश्न कुणी सांगत नाही. या निकालातला प्रश्न शोधायला मुंबईत जावं लागतं.

जुन्या मुंबई शहरात, म्हणजे उपनगरं सोडून बेटावरच्या मुंबईत, भाडेकरूंनी भरलेल्या हजारो जुन्या इमारती. भाडं १९४०च्या पातळीला गोठलेलं. मालक म्हणणार, एवढ्या भाड्यात रंगाचा डबासुद्धा येत नाही. भाडेकरू म्हणणार, जिना कधी कोसळेल सांगता येत नाही. सरकारने दुरुस्तीसाठी या इमारतींवर उपकर बसवला. कागदोपत्री त्या ‘उपकरप्राप्त इमारती’, बोलताना सेस बिल्डिंग. पुढे १९८६ साली म्हाडाच्या १९७६च्या कायद्यात आठ-अ हे नवं प्रकरण घातलं. इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकारने ती इमारत ताब्यात घ्यायची आणि संस्थेला द्यायची. मालकाला मोबदला महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट. म्हणजे खोलीचं भाडं महिना पन्नास रुपये असेल, तर त्या खोलीपोटी पाच हजार. तेही मुंबईत.

मालकांची संघटना हायकोर्टात गेली, १९९१ला हरली, १९९२ला सुप्रीम कोर्टात आली. तिथे आधी तीन न्यायाधीश, १९९६ला प्रकरण पाचांकडे, २००१ला सातांकडे, २००२ला नऊ जणांकडे. मग बावीस वर्षं शांतता. सुनावणी सुरू झाली एप्रिल २०२४मध्ये.

पेठांतल्या वाड्यांचे मालक आणि भाडेकरू दोघांनीही इथे कान टवकारले असतील, तर आधीच सांगते : ते आठ-अ प्रकरण बेटावरच्या मुंबईतल्या इमारतींपुरतं आहे. कसबा, नारायण, सदाशिव पेठेतल्या वाड्यांची भांडणं १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली चालतात. या निकालाचं कात्रण वकिलाकडे घेऊन जाण्यात काही हशील नाही.

मालकांच्या वाटेत उभी असलेली ढाल

मालकांचं म्हणणं साधं होतं. शंभर पट भाडं हा मोबदला नव्हे, थट्टा आहे. समानतेच्या हक्काचा भंग आहे. एरवी कोर्टाने हे लगेच तपासलं असतं. पण सरकारने कायद्यातच लिहून ठेवलं होतं की, हा कायदा संविधानाच्या अनुच्छेद ३९ (ब)साठी आहे. (वर्तमानपत्रं ‘ब’ छापतात; संविधानाच्या मराठी प्रतीत क, ख, ग आहे, तिथे ३९ (ख) शोधा.)

हे ३९ (ब) काय सांगतं? समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण अशा रीतीने वाटलं जावं की त्यातून सर्वांचं हित होईल, असं धोरण सरकारने ठेवावं. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्व यांतला फरक मी वर्गात असा सांगायचे : डबा आणला नाही म्हणून आईशी भांडता येतं, तो हक्क, ‘रोज पालेभाजी खात जा’ हा आजीचा उपदेश, ते तत्त्व. उपदेश पाळला नाही म्हणून कुणी कोर्टात जात नाही, पण घर चालवताना तो डोळ्यांसमोर असायला हवा.

१९७१ साली पंचविसाव्या घटनादुरुस्तीने या उपदेशाला एक ढाल दिली. तिचं नाव अनुच्छेद ३१ (क), इंग्रजी क्रमाने ‘सी’. एखादा कायदा ३९ (ब) किंवा त्याच्या शेजारचं ३९ (क), म्हणजे संपत्ती मोजक्या हातांत एकवटू नये हे तत्त्व, अमलात आणण्यासाठी केलेला असेल, तर तो समानतेच्या (१४) किंवा स्वातंत्र्याच्या (१९) हक्काशी विसंगत आहे एवढ्यावरून रद्द करता येणार नाही. म्हणजे कायदा ‘३९ (ब)चा’ ठरला की मालकाची निम्मी हत्यारं हातातून गेली.

आता खटल्यातला प्रश्न दिसतो. पागडीची इमारत, तुमचा फ्लॅट, माझी दोन खोल्यांची जागा हे सगळं ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ आहे का? असेल तर ढाल सरकारच्या हातात. नसेल तर नाही. सरकार जमीन घेऊ शकतं की नाही, हे तिथे कुणी विचारलंच नव्हतं.

दार काढलं, नवं पडलं, मग जुनं कुठे गेलं?

मूळ प्रश्नाला हात घालायच्या आधी एक उपप्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर मला तोच जास्त आवडला.

१९७३च्या केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी ढालीचा मुख्य भाग वैध ठरवला होता. आणीबाणीत, १९७६ला, बेचाळिसाव्या दुरुस्तीने ती रुंद केली : फक्त ३९ (ब) आणि (क) नव्हे, सगळ्याच मार्गदर्शक तत्त्वांना संरक्षण. १९८०मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात कोर्टाने ही रुंद केलेली ढाल रद्द केली. आता पेच असा की दुरुस्ती करताना जुने शब्द खोडून नवे घातले होते. नवे शब्द कोर्टाने पाडले. मग जुने आपोआप परत आले, की ढालच उरली नाही?

वाड्याचं जुनं दार काढून नवं, मोठं दार बसवलं आणि महापालिकेने नवं दार बेकायदा ठरवलं, असं समजा. आता चौकट उघडी राहिली का? नऊही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की जुनं दार जागेवरच आहे. काढणं आणि बसवणं हे एकच काम होतं. ते काम फोल ठरलं, तर काढणंही झालंच नाही असं धरायचं. मूळ ३१ (क) आजही जिवंत आहे.

यात पुण्याचा एक धागा आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. मिनर्व्हा मिल्सचा बहुमताचा निकाल लिहिला तेव्हाचे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी. जन्म पुण्याचा, शाळा नूमवि, कायद्याचं शिक्षण आयएलएस लॉ कॉलेजात. त्या निकालाने मागे ठेवलेली ही गाठ ४४ वर्षांनी ज्या पीठाने सोडवली, त्याचे प्रमुख होते त्यांचे चिरंजीव, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड.

पण नऊच का? आणि पुण्याचा ‘किंवा’

सुप्रीम कोर्टात सरन्यायाधीशांसह ३४ न्यायाधीशांची जागा आहे, पण ते सगळे एकत्र बसत नाहीत. रोजची प्रकरणं दोघं-तिघं ऐकतात. संविधानाच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर किमान पाच लागतात. त्याला घटनापीठ म्हणायचं. मोठ्या पीठाचा शब्द लहान पीठावर बंधनकारक, आणि जुना निकाल उलटवायचा तर सहसा त्याच्याहून मोठं पीठ लागतं.

हे कोरडं वाटेल, पण याची किंमत पुण्याला चांगली ठाऊक आहे. भूसंपादनाच्या वकिलांमध्ये ‘पुणे महापालिका निकाल’ हे सहा वर्षं जपमाळेसारखं नाव होतं. वनउद्यानासाठी सुमारे ४४ एकर जमीन घेण्याचं ते प्रकरण. १ जानेवारी २०१४ला नवा भूसंपादन कायदा लागू झाला. त्याच्या कलम २४ (२)मध्ये म्हटलं होतं की, जुन्या कायद्याखालचा निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) पाच किंवा जास्त वर्षांपूर्वीचा असेल आणि जमिनीचा ताबा घेतला नसेल ‘किंवा’ मोबदला दिला नसेल, तर जुनं संपादन रद्द समजावं. पुण्यातला निवाडा जानेवारी २००८चा. पैसे सरकारी तिजोरीत भरलेले, शेतकऱ्यांच्या हातात नाहीत. २४ जानेवारी २०१४ रोजी तीन न्यायाधीशांनी सांगितलं, तिजोरीत भरणं म्हणजे ‘देणं’ नव्हे. मालकाने घेतला नाही तर तो मोबदला कोर्टात जमा करायला हवा होता. संपादन रद्द.

देशभर या निकालाचा दाखला देऊन जमिनी सुटू लागल्या. फेब्रुवारी २०१८मध्ये दुसऱ्या तीन न्यायाधीशांनी, तेही दोन विरुद्ध एक अशा मतांनी, पुण्याचा निकालच चुकीचा ठरवला. तिघांनी तिघांना खोडायचं कसं, असा प्रश्न उभा राहिला आणि प्रकरण पाच जणांकडे गेलं. ६ मार्च २०२० रोजी इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायाधीशांनी सांगितलं की, त्या कलमातला ‘किंवा’ हा ‘आणि’सारखा वाचायचा. ताबाही नाही आणि मोबदलाही नाही, अशा दोन्ही गोष्टी असतील तरच संपादन रद्द. पैसे तिजोरीत पडून असले तरी चालतील. पुण्याचा निकाल संपला.

एका शब्दाने किती एकर जमीन इकडची तिकडे होते बघा. मराठीच्या पेपरात उभयान्वयी अव्ययांना पोरं नाकं मुरडायची.

तर नऊ जण काय म्हणाले

१९७७मध्ये कर्नाटक सरकारने खासगी बस ताब्यात घेतल्याच्या खटल्यात सात न्यायाधीश बसले होते. कायदा सगळ्यांनी वैध ठरवला, पण न्या. कृष्ण अय्यर यांनी स्वतःसह तिघांच्या वतीने आणखी एक मत लिहिलं : समाजाच्या साधनसंपत्तीत खासगी मालकीची साधनंही येतात. उरलेल्या चौघांनी स्पष्ट नोंदवलं की या मताशी आमची सहमती धरू नये. तरीही १९८२मध्ये कोक कारखान्यांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात पाच न्यायाधीशांनी त्या तिघांचं मत कायदा म्हणून उचललं. सोसायटीच्या सभेत सातांपैकी तिघांनी मांडलेली सूचना पुढच्या सेक्रेटरीने इतिवृत्तात ‘ठराव मंजूर’ म्हणून लिहावी, तसं.

२०२४ला सात न्यायाधीशांनी ही नोंद दुरुस्त केली. एखादी वस्तू खासगी मालकीची आहे आणि माणसाच्या भौतिक गरजेची आहे, एवढ्यावरून ती ‘समाजाची साधनसंपत्ती’ होत नाही, असं ते म्हणाले. पण त्यांचं पुढचं वाक्य मेसेजमध्ये कधीच येत नाही : काही खासगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती असू शकते. कुठली, ते प्रत्येक वेळी तपासायचं. त्या साधनाचं स्वरूप काय, त्याचा समाजाच्या जगण्यावर परिणाम किती, ते किती दुर्मीळ आहे, आणि मोजक्या हातांत गोळा झालं तर काय होईल.

मी हे कात्रजच्या पाण्यावरून समजून घेतलं. अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने शहरात पाणी आणलं. ते चौकांतल्या हौदांत पडायचं, तसं काही मोठ्या वाड्यांच्या आतल्या हौदांतही पडायचं. आता कल्पना करा, दुष्काळ आहे आणि अख्ख्या पेठेत पाणी आहे ते एकाच वाड्याच्या हौदात. हौद खासगी आवारात आहे, पण ते पाणी समाजाची साधनसंपत्ती म्हणावं असा युक्तिवाद उभा राहू शकतो, कारण वरच्या चारही कसोट्या त्याला लागतात. त्याच वाड्याच्या स्वयंपाकघरातल्या पिंपाला त्या लागत नाहीत. पिंपही खासगी, हौदही खासगी. नुसत्या ‘खासगी’ शब्दावरून काहीच ठरत नाही.

दोन न्यायाधीश सातांच्या सोबत पूर्णपणे गेले नाहीत. न्या. सुधांशू धुलिया यांनी भिन्नमत दिलं : खासगी साधनसंपत्ती त्या शब्दांत येतेच, आणि आपल्याकडची विषमता पाहता जुनी व्यापक व्याख्या टाकून देण्याचं कारण नाही. न्या. नागरत्ना यांची वाट मधली. कपडे, घरातल्या वस्तू, दागिने अशा वैयक्तिक चीजा सोडल्या तर कुठलीही खासगी मालमत्ता राष्ट्रीयीकरण, संपादन, खरेदी, दान अशा मार्गांनी समाजाची साधनसंपत्ती बनू शकते, असं त्या म्हणाल्या. शिवाय जुन्या न्यायाधीशांनी त्यांच्या काळात लिहिलेल्या मतांवर आज कठोर शेरे मारण्याबद्दल दोघांनीही नापसंती नोंदवली. मला स्वतःला धुलियांच्या मतातली कळकळ पटते आणि सातांच्या मतातली शिस्त पटते. वर्गात असं उत्तर दिलेल्या मुलाला मी निम्मे मार्क दिले असते.

आणि मुंबईच्या त्या इमारती? त्यांचं या दिवशी काहीच ठरलं नाही. नऊ जणांकडे फक्त संविधानाचा अर्थ विचारला होता. तो त्यांनी सांगितला. म्हाडाच्या कायद्याचं आठ-अ प्रकरण टिकतं की नाही, हे त्या अर्थाच्या उजेडात पुढच्या पीठाने पाहायचं.

मग पुरंदरची जमीन?

अंजीरवाल्यांचा प्रश्न अजून तसाच आहे. ज्यांच्या घरावरून रस्ता जायचाय, त्या सगळ्यांचाही तोच.

मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने, १९७८ला, काढला. तो आता अनुच्छेद ३०० (अ)मध्ये आहे : कायद्याचा आधार असल्याशिवाय कुणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. म्हणजे कायद्याचा आधार असेल तर घेता येते. आधार भरपूर आहेत. २०१३चा भूसंपादन कायदा, राष्ट्रीय महामार्गांचा १९५६चा, एमआयडीसीचा १९६१चा. शहराच्या विकास आराखड्यातल्या आरक्षणांसाठी १९६६चा नगररचना कायदा. यांतल्या कशालाही तुमची जमीन ‘समाजाची साधनसंपत्ती’ आहे हे सिद्ध करावं लागत नाही. सार्वजनिक प्रयोजन दाखवायचं, प्रक्रिया पाळायची, मोबदला द्यायचा. नऊ न्यायाधीशांचा निकाल या वाटेवर येतच नाही.

मात्र त्याच वर्षी आलेला दुसरा एक निकाल या वाटेवर चांगला ठळक उभा आहे आणि त्याचा मेसेज मला एकदाही आला नाही. १६ मे २०२४, कोलकाता महापालिकेचं प्रकरण, न्यायाधीश फक्त दोन. त्यांनी ३०० (अ)च्या पोटात सात हक्क आहेत असं उलगडून सांगितलं. जमीन घेणार हे मालकाला आधी कळवलं पाहिजे. त्याची हरकत ऐकली पाहिजे, आणि निर्णय कारणांसह लेखी कळवला पाहिजे. घेणं सार्वजनिक प्रयोजनासाठीच हवं, मोबदला रास्त हवा, सगळं वेळेत आणि नीट व्हायला हवं, आणि शेवटी ताबा-हस्तांतरण होऊन प्रक्रिया पूर्ण व्हायला हवी. पुष्कळदा हरकत ‘ऐकली’ म्हणजे अर्जावर शिक्का मारून फायलीला लावली, एवढंच झालेलं असतं. तसं करणं पुरेसं नाही, असं म्हणायला शेतकऱ्याच्या वकिलाला हा निकाल उपयोगी पडतो.

‘पण टीव्हीवर तर कोर्टाने सांगितलं होतं’

ऑगस्ट २०२४ आठवा. ‘सुप्रीम कोर्ट लाडकी बहीण बंद करणार’ म्हणून घराघरांत चिंता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी त्या दिवशी भांडी घासताना तीनदा विचारलं. प्रकरण होतं पुण्यातलंच, पाषाणच्या एका जुन्या जमिनीचं. जमीन सरकारकडे गेली, नंतर केंद्राच्या संस्थेला दिली, आणि मालकाचा मोबदला वर्षानुवर्षं रखडला. सुनावणीत न्यायाधीश सरकारच्या वकिलांवर वैतागले : जमिनीचे पैसे द्यायला नाहीत आणि योजनांवर वाटायला आहेत, नीट आकडा आणला नाहीत तर अशा योजना थांबवू. हे बोलणं होतं, आदेश नव्हता. त्या बोलण्यामुळे योजना थांबली नाही.

सुनावणीत न्यायाधीश वकिलाला टोचून पाहतात, उलटा प्रश्न टाकतात, कधी चिडतात. सही होऊन येतं ते बंधनकारक. आणि त्या सही झालेल्या निकालातलाही प्रत्येक शब्द नव्हे. १ ऑगस्ट २०२४ला सात न्यायाधीशांनी, सहा विरुद्ध एक, सांगितलं की राज्यांना अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करता येईल. विचारलेला प्रश्न तेवढाच होता. पण चार न्यायाधीशांनी आपापल्या निकालपत्रांत असंही लिहिलं की अनुसूचित जाती-जमातींतही क्रीमी लेयर, म्हणजे आरक्षणातून वगळायचा पुढारलेला थर, ओळखायला हवी. बातम्यांत दोन्ही गोष्टी एकाच दमात आल्या. अनेकांचा समज झाला की क्रीमी लेयर लागूच झाली. २१ ऑगस्टला भारत बंद झाला. त्याआधी ९ तारखेला केंद्र सरकारने जाहीर केलं होतं की तसा विचार नाही. क्रीमी लेयरबद्दलचं लिखाण ही ओघात केलेली टिप्पणी होती. तिला वजन आहे, पुढे कुणी तिच्यावर इमारतही उभी करेल, पण तो आदेश नव्हता. उपवर्गीकरणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, रस्त्यावरचा निम्मा वाद न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरावर होता.

‘बत्तीस वर्षं लागणार असतील तर उपयोग काय?’

हा आक्षेप मला खोडता येत नाही. १९९२ला अपील करणारे कितीतरी मालक आणि त्यांचे भाडेकरू आज हयातही नसतील. मोठं पीठ बसवायचं म्हणजे कोर्टातल्या पाव भागाहून अधिक न्यायाधीशांना रोजची प्रकरणं सोडून एका खोलीत बसवायचं, त्यामुळे सरन्यायाधीश ते पुढे ढकलत राहतात. हे कारण झालं, समर्थन नव्हे. कोर्टाने मनात आणलं तर वेग येतो. निवडणूक रोख्यांची योजना १५ फेब्रुवारी २०२४ला पाच न्यायाधीशांनी एकमताने रद्द केली. स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली ती ११ मार्चला नाकारली, आणि १४ मार्चला देणगीदारांच्या आणि पक्षांच्या याद्या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर होत्या. महिनासुद्धा झाला नव्हता.

‘कोर्टाबद्दल असं बोललं तर अवमान होत नाही का?’

माझ्या एका निवृत्त सहकारी बाईंनी मसुदा वाचून पहिला प्रश्न हाच विचारला. भीती अगदीच निराधार नाही. २०२०मध्ये दोन ट्वीटसाठी एका ज्येष्ठ वकिलांना सुप्रीम कोर्टाने दोषी ठरवून एक रुपया दंड केला होता. पण १९७१च्या अवमान कायद्याचं कलम ५ स्पष्ट आहे. अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका करणं हा अवमान नव्हे. निकाल चुकला म्हणा, तर्क लंगडा आहे म्हणा, भिन्नमत बरोबर होतं म्हणा. न्यायाधीशाने पैसे खाल्ले असं पुराव्याशिवाय म्हणू नका. धुलिया आणि नागरत्ना यांनी बहुमतावर जे लिहिलं आहे, ते वाचलं की आपण ग्रुपवर किती मवाळ बोलतो हे कळतं.

आणि वाचता येतं. सुप्रीम कोर्टाचे निकाल संकेतस्थळावर फुकट आहेत. मूळ इंग्रजीत, पण निवडक निकालांचे मराठी अनुवादही तिथे टाकले जातात. अनुवादाचं मराठी सातबाऱ्यापेक्षा थोडंच सोपं आहे. सगळी पानं वाचू नयेत. सुरुवातीला प्रश्न कुठले ठरवले ते पाहावं आणि तडक शेवटच्या निष्कर्षांवर जावं. मधलं लागेल तसं.

पुढच्या खेपेला अंजीरवाले आले तेव्हा मी त्यांना बसवलं आणि सांगितलं, तो मेसेज तुमच्या कामाचा नाही. तुमच्या कामाचा निकाल वेगळा आहे, त्यात नोटीस आणि हरकतीचं लिहिलंय. ते थोडे हिरमुसले. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला कागद काढला. नोटीस त्यांच्याकडे होतीच, कुणी नीट वाचून दिली नव्हती. हरकत नोंदवायची शेवटची तारीख खालच्या बाजूला बारीक अक्षरांत होती. मी चष्मा लावून ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवली, आणि त्यांनी ती अंजिराच्या पुठ्ठ्यावर पेनाने लिहून घेतली.